हायब्रिड गाडी : एकाला पंचवीसचं ॲव्हरेज, दुसऱ्याला सोळाचं. खरं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडला राहणारं चौघांचं कुटुंब. रोज वाकड ते मगरपट्टा जाणं-येणं, आणि दोन महिन्यांतून एकदा चिपळूणला गावी. जुनी डिझेल गाडी काढून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी घ्यायची आहे. डोक्यात होंडा सिटी, टोयोटा हायरायडर किंवा तिचीच जुळी मारुती ग्रँड विटारा, आणि आईवडील बरोबर असतात म्हणून इनोव्हा हायक्रॉस. मालकांना विचारलं तर कोणी पंचवीस सांगतं, कोणी सोळा. कोणी म्हणतं घाटात गाडीत जीव नाही, कोणी म्हणतं इतकी मऊ गाडी आजवर चालवली नव्हती. विश्वास कोणावर ठेवायचा?

बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात. मी पुण्यात हायब्रिड गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी लिफ्टवर असतात आणि त्यांच्या मालकांच्या मतांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. साध्या पेट्रोल गाडीने शहरात बारा आणि हायवेला सतरा दिले तर कोणाला नवल वाटत नाही, कारण ते गणित आपल्या अंगवळणी पडलंय. हायब्रिडमध्ये ते उलटं फिरतं. गर्दीत ती भरपूर देते आणि मोकळ्या रस्त्यावर आखडते. त्यामुळे मालकाचं मत वाचताना पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारूच नका. हा माणूस रोज कुठून कुठे जातो, ते विचारा. तो तळेगावहून एक्स्प्रेसवेने मुंबईला जाणारा असेल तर त्याचा आकडा तुमच्या काहीच कामाचा नाही.

दुसरी गफलत नावाची. ग्रँड विटारा आणि हायरायडर दोन वेगवेगळ्या यंत्रणांत मिळतात आणि दोन्हींना लोक सरसकट हायब्रिड म्हणतात. माइल्ड हायब्रिडमध्ये 12 व्होल्टचा छोटा जनरेटर-स्टार्टर असतो. तो सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो, उचलताना जरा हात देतो, पण स्वतःच्या बळावर चाक फिरवू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये 80 पीएसची (पीएस म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर) मोटर आणि 177 व्होल्टची बॅटरी असते, आणि इंजिन बंद ठेवून गाडी खरोखर पुढे जाते. कागदावरचे आकडेच पाहा : माइल्ड मॅन्युअल लिटरला 21.11 किलोमीटर, स्ट्राँग 27.97. हा घोळ जुना आहे. 2015 पासून विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेत डिझेल सिआझ आणि अर्टिगासारख्या माइल्ड गाड्यांनाही पैसे मिळत होते, ते एप्रिल 2017 पासून बंद झाले. त्या काळातल्या गाड्या आजही जुन्या बाजारात ‘हायब्रिड आहे साहेब’ म्हणून विकल्या जातात. तेव्हा ‘हायब्रिड घेऊन पस्तावलो’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, कोणती? माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांतले बरेच जण माइल्डवाले असतात.

आता शहरात इतका फरक का पडतो ते पाहू. एकदा ते लक्षात आलं की मालकांची अर्धीअधिक मतं आपोआप सुटतात.

हिंजवडीच्या रांगेत साध्या गाडीचं इंजिन उभ्याउभ्या पेट्रोल पितं, आणि त्यातलं बरंचसं एसीपायी. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गाडी उभी असली की इंजिन बंद, एसी मात्र चालू. बॅटरी उतरली की इंजिन काही वेळ सुरू होतं, ती भरतं आणि पुन्हा गप्प बसतं. दुसरं म्हणजे ब्रेक. साधा ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करून हवेत सोडतो. इथे मोटर उलटी जनरेटर होते आणि त्यातला मोठा वाटा बॅटरीत परत टाकते. तिसरं, इंजिनच वेगळ्या घडणीचं असतं. ॲटकिन्सन पद्धतीचं हे इंजिन खालच्या वेगात अशक्त असतं, पण पेट्रोल जपून वापरतं. त्याची अशक्त बाजू मोटर सांभाळून घेते.

एक्स्प्रेसवेवर शंभरला लावलेल्या गाडीत यातलं पहिलं नाही आणि दुसरंही नाही. ना कोणी थांबतं, ना कोणी ब्रेक दाबतं. उरतं फक्त इंजिन, आणि समोर वाऱ्याचा रेटा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. उंच नाकाच्या एसयूव्हीला हे जास्त महाग पडतं, म्हणून हायवेला सिटी हायरायडरच्या पुढे असते. सिटीची रचनाही इथे उपयोगी पडते. शहरात तिचं इंजिन मुख्यतः जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते, पण हायवेच्या स्थिर वेगाला एक क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो. मधली वीज बनवायची-वापरायची नासाडी तेवढी वाचते. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटरी ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांच्या एका संचात कायम जोडलेल्या असतात. नेहमीचा गिअरबॉक्स नाही, पट्टा नाही, क्लचही नाही. यंत्रणा म्हणून मला हीच जास्त आवडते, कारण झिजण्यासारखं तिच्यात फार कमी आहे.

कंपनीचा आकडा गाठता येत नाही म्हणून फसवणुकीचा आरडाओरडा होतो. तो आकडा ज्या चाचणीतून येतो तिचा वेग 90 च्या वर जात नाही, थांबणं-निघणं भरपूर असतं आणि एसी बंद असतो. म्हणजे परीक्षेचा पेपर हायब्रिडच्या आवडत्या धड्यावर काढलेला. माझा अंदाज सांगतो : हायरायडर-विटारा स्ट्राँग शहरात नीट चालवली तर 20 ते 24, एक्स्प्रेसवेला 17 ते 20. सिटी दोन्हीकडे थोडी वर. हायक्रॉस हायब्रिडचा कागदी आकडा 23.24 आहे, पण माणसं भरून एसी लावून फिरणाऱ्यांना 13 ते 17 च्या दरम्यान मिळतात. एवढ्या मोठ्या पेट्रोल गाडीसाठी तेही उत्तमच म्हणायचं.

ॲव्हरेजचे फोटो पाठवणाऱ्यांपासून जपून राहा. दूध आणायला गेलेल्या फेरीचा 40 चा आकडा दाखवण्यात काही अर्थ नसतो. निघताना बॅटरी भरलेली होती आणि परतताना रिकामी, एवढंच त्यातून कळतं. त्या बॅटरीत वीज तरी किती? हायरायडरमध्ये 0.76 युनिट. ‘साठ टक्के ईव्हीवर, म्हणजे नुसत्या विजेवर चाललो’ हा पडद्यावरचा आकडाही असाच भुलवतो. गाडी किती वेळ इंजिन बंद ठेवून चालली ते तो सांगतो, पेट्रोल किती वाचलं ते नाही. सिग्नलला उभी असलेली आणि उतारावर घरंगळणारी गाडीही त्यात धरली जाऊ शकते. डिस्प्लेवरचं ॲव्हरेज सहसा थोडं चढवूनच दाखवलेलं असतं. टाकी फुल, नोझल कट होईपर्यंत. ट्रिप मीटर शून्य. पुन्हा त्याच पंपावर फुल. असं सलग तीन-चार वेळा केल्यावर जे येईल ते खरं. जुनी मतं वाचताना हेही ध्यानात घ्या की 2022-23 मध्ये पंपावर दहा टक्के इथेनॉल होतं, आता वीस आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली आलेलंच आहे.

पैशांचं गणित तुमच्या रस्त्यावर मांडू. तुलना ऑटोमॅटिक पेट्रोलशी करा, मॅन्युअलशी नको, कारण हायब्रिड ऑटोमॅटिकच असते. पेट्रोल 104 रुपये धरलं आणि शहरात साधी ऑटोमॅटिक 14, हायब्रिड 22 देते असं मानलं, तर किलोमीटरला 7.43 विरुद्ध 4.73 रुपये. वाचले 2.70. महिन्याला 1,200 किलोमीटर म्हणजे तीन हजार दोनशेच्या आसपास. ऑन-रोड किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला पाच वर्षं. हेच 1,200 किलोमीटर सगळे हायवेचे असते, 16.5 विरुद्ध 19, तर वाचतात जेमतेम 83 पैसे, आणि दोन लाख वसूल व्हायला जवळपास सतरा वर्षं. गाडी तीच, किंमत तीच. तुमचं रोजचं वाकड-मगरपट्टा हे हायब्रिडला मानवणारं काम आहे, चिपळूण नाही. पण चिपळूण दोन महिन्यांतून एकदाच, त्यामुळे पारडं हायब्रिडकडेच झुकतं.

किमतीबद्दलची मतंही राज्य बघून वाचा. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, त्यामुळे त्या सवलतीत गाडी घेतलेला नोएडाचा मालक ‘पैसा वसूल’ म्हणतो तेव्हा त्याने लाखा-दोन लाखांनी कमी मोजलेले असतात. आपल्याकडे नंबरप्लेट पांढरीच, करही पेट्रोल गाडीसारखा. जीएसटीतही 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रिडला 40 टक्के आणि तिच्या बरोबरीच्या पेट्रोल गाडीलाही 40 टक्केच. आधी 43 विरुद्ध 45 ते 50 असा थोडा फायदा होता, तो गेला.

चालवण्याची पद्धत हा विषय मालक सगळ्यात कमी बोलतात आणि आकड्यांतला बराच फरक इथूनच येतो.

नवा मालक पहिल्या आठवड्यात एकच खेळ खेळतो : इंजिन सुरूच होऊ द्यायचं नाही. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवून मागच्यांचे हॉर्न खात वीसच्या वेगाने निघायचं. यात तोटा आहे. अशाने बॅटरी रिकामी होते, मग इंजिन ती भरतं, म्हणजे पेट्रोलची वीज, विजेची रसायनं, पुन्हा वीज, आणि दर पायरीला गळती. त्यापेक्षा सिग्नल सुटला की नेहमीसारखं, जरा दमदारच निघा. इंजिनाला काम करू द्या, त्या भारात ते सगळ्यात किफायतशीर चालतं. हवा तो वेग आला की पाय क्षणभर पूर्ण उचला, इंजिन बंद होईल, आणि मग अगदी हलका पाय ठेवून विजेवर वेग टिकवा. वाकड ते औंधच्या रस्त्यावर हे एकदा जमलं की पाय आपोआप तसा पडतो. ईव्हीचं बटण मी सोसायटीच्या पार्किंगमधून पहाटे बाहेर पडताना दाबायला सांगतो, एरवी त्याला हात लावायचं कारण नाही.

ब्रेक लवकर आणि हळू दाबा. लांबून दाबलात तर बहुतेक काम मोटर करते आणि वीज परत मिळते. शेवटच्या क्षणी करकचून दाबलात तर पॅडच घासतात. सिटीमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने हा ओढा कमी-जास्त करता येतो. पुण्याच्या रहदारीत तो वाढवून ठेवलेला बरा.

आणि सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकायची सवय सोडा. मॅन्युअल चालवलेल्या प्रत्येकाला ती असते. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरली जात नाही, एसी मात्र तिच्यावरच चालू असतो. चांदणी चौकातल्या कोंडीत वीस मिनिटं न्यूट्रलला बसाल तर बॅटरी खाली जात राहील. डी मध्ये राहून ब्रेक दाबून ठेवा, गाडीत ब्रेक होल्ड असेल तर तो लावा, फारच वेळ असेल तर पी. उतारावर न्यूट्रल तर मुळीच नको, वीजही परत येत नाही आणि इंजिनाचा आधारही जातो.

घाटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला चिपळूणला कुंभार्ली घाट उतरून जायचंय.

चढाला बॅटरी भरलेली असेपर्यंत हायरायडरची 116 पीएस पूर्ण मिळते. खंबाटकीसारख्या छोट्या चढाला ती पुरते. लांब चढाला बॅटरी खालच्या रेघेवर येते आणि मग मुख्य भार 92 पीएसच्या तीन सिलिंडर इंजिनावर पडतो. ते ओरडतं. वेग वाढत नसताना आवाज वाढतो, आणि पाच माणसं व सामान असेल तर पुढच्या ट्रकला ओलांडताना आधी अंतर मोजावं लागतं. ‘घाटात जीव नाही’ म्हणणारा मालक हेच सांगत असतो. त्याचं खरं आहे. डिझेलचा खालचा जोर अंगात मुरलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी खटकतंच. चढ सुरू होण्याआधी रेंगाळू नका, एकसारखा वेग धरा, आणि आवाज आला म्हणून घाबरू नका. इंजिन त्याच्या हिशोबाने बरोबरच चाललेलं असतं.

उताराला उलटी गंमत होते. चौघं आणि सामान धरून सुमारे सोळाशे किलोची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा सव्वादोन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते. काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, तरी उरलेली मावायला बॅटरीत जागा नसते. अर्ध्या घाटातच काटा वर टेकतो. त्यानंतर मोटर वीज घेऊ शकत नाही आणि सगळा भार पॅडवर यायला लागतो. म्हणून घाट सुरू झाल्यावर लगेच लिव्हर बी वर, म्हणजे उतारावर गाडी ओढून धरणाऱ्या खुणेवर घ्या. बॅटरी भरली की गाडी इंजिनाला नुसतं फिरवून वेग धरून ठेवते. त्यात पेट्रोल जळत नाही, पण आवाज मोठा येतो. ‘उतारावर इंजिन रेस होतंय’ म्हणून घाबरून फोन करणारे दर पावसाळ्यात असतात. सपाटीला मात्र बी काढून डी करा, नाहीतर गाडी विनाकारण ओढल्यासारखी चालते.

देखभालीचा बाऊ केला जातो तितका नाही. सगळ्यांना धाक असतो मोठ्या बॅटरीचा. टोयोटा, मारुती आणि होंडा तिन्ही तिच्यावर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी देतात. प्रियस जपानात डिसेंबर 1997 पासून आहे, म्हणजे ही यंत्रणा काही कालची नाही. हायक्रॉसमध्ये जुनी, दणकट निकेल मेटल हायड्राइड बॅटरी आहे, हायरायडरमध्ये लिथियम आयन. दोन्हींचा शत्रू उष्णता. बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच एका जाळीतून आत जाते. ती जाळी कुठे आहे ते गाडी घेतानाच विचारून घ्या, तिच्यावर बॅगा रचू नका आणि सर्व्हिसला ती साफ करायला लावा. कुत्रं गाडीतून नेत असाल तर दुप्पट काळजी घ्या, केसांनी बुजलेल्या जाळ्या मी पुष्कळ काढल्यात.

रस्त्यात गाडी अडवते ती बहुधा साधी 12 व्होल्टची बॅटरी. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही पडद्यावर ‘रेडी’, म्हणजे गाडी निघायला तयार, ही खूण येत नाही. गाडी आठवडे उभी राहणार असेल तर मधूनमधून पी मध्ये रेडी करून अर्धा तास ठेवा, पण उघड्यावर. इंजिन मधेच आपणहून सुरू होतं, बंद गॅरेजमध्ये धूर कोंडतो. पावसाळ्यात ब्रेकचे डिस्क गंजतात, कारण ते कमी वापरले जातात. पॅड मात्र कितीतरी जास्त टिकतात. बॉनेटखालच्या नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टच्या वायरींना नाक्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर बटण न दाबता टोइंग बोलवा.

आता निवड. हायक्रॉस तुम्हाला नको. आईवडील धरून सहा जण आठवड्याला एकत्र फिरत असतील तर ती, नाहीतर रोज एकट्याने मगरपट्ट्याला एवढं धूड न्यायचं कारण नाही. सिटी चालवायला तिघींत सगळ्यात गोड आहे आणि कमी पितेही, पण पेट्रोल सिटीची 506 लिटरची डिकी हायब्रिडमध्ये 306 वर येते, गाडी खाली बसते, आणि पावसाळ्यात कुंभार्लीच्या खड्ड्यांत तळ घासेल. शिवाय खाली वाकून बसणं वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही. हायरायडर-विटाराचा 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि बसायची उंची तुमच्या कामाची आहे. डिकी हिचीही बॅटरीने खाल्लीय. गावाहून आंब्याच्या पेट्या आणता तेवढ्या घेऊन शोरूमला जा आणि मावतात का बघा, सेल्समन हसला तर हसू द्या. दोघींत यंत्र एकच, तेव्हा जिचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि ज्या व्हेरिएंटमध्ये नको ती ॲक्सेसरी गळ्यात पडत नाही, ती घ्या.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सातला, चौघं बसून, एसी लावून घ्या. शोरूमची गाडी बहुधा बॅटरी भरलेलीच समोर येते आणि पहिली पाच मिनिटं ती विमानासारखी वाटते. एसी चालू ठेवून रहदारीत फिरवत राहा, बॅटरीच्या दोनच काड्या उरल्या की बावधनकडचा चढ चढवा, आणि त्या वेळी मागच्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐका. तेवढा आवाज तुमच्या घरच्यांना चालत असेल तर बुकिंग करा.